अण्णांचा गळ उम्म अल क्वेनच्या खोरात

शनिवारी पहाटे आम्ही दुबईतल्या अल बर्शाच्या घरातून निघालो आणि पाच मिनिटांत परत घरी आलो. त्याला कारण तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका. लिफ्टमध्ये त्यांनी अण्णांच्या हातातली लांब पिशवी पाहिली आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, "काय अण्णा, एवढ्या सकाळी कुठे?"

गळ घेऊन निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नसतं. वारणेकाठच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विचारलं की त्या दिवशी मासा लागत नाही. जोशीकाका पुण्याचे, त्यांचा काय दोष? पण अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे तळमजल्यावर उतरून 'हॅव अ गुड डे' म्हणत सटकले. अण्णा लिफ्टमधून बाहेर आलेच नाहीत. त्यांनी पुन्हा आमच्या मजल्याचं बटण दाबलं. घरी येऊन चपला काढल्या, खुर्चीत टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "चल आता."

आतल्या खोलीतून माझ्या लेकीचा झोपाळलेला आवाज आला, "आर यू गाइज बॅक ऑलरेडी?" ईराला उत्तर नको होतं, ती लगेच कूस बदलून झोपली. नवरा मिलिंद त्या दिवशी साइटवर होता. म्हणजे या प्रवासात दोनच माणसं, मी आणि माझे वडील.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. गेल्या वर्षी आई गेली आणि गावच्या घरात ते एकटे पडले. मी त्यांची एकुलती एक. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंत्राटदार कंपनीत मी अंदाजपत्रकं बनवते आणि या देशात माझी सोळा वर्षं गेली आहेत. अण्णांना व्हिजिट व्हिसावर आणलं होतं आणि तो आता संपत आला होता. एक तर त्यांचे इथे राहण्याचे कागद करायचे, नाहीतर परतीचं तिकीट काढायचं. मी विषय काढला की ते 'बघू' म्हणायचे, आणि अण्णांचं 'बघू' म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे.

मला ते राहायला हवे होते. सगळ्यांना मी सांगत होते की त्यांची काळजी वाटते, वय झालंय, एकटे कसे राहतील. ते खरंच होतं. पण त्याहून खरं असं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कुणीतरी दार उघडून 'दमलीस का गं' विचारतं, याची मला दोन महिन्यांत सवय लागली होती. चाळिशी उलटलेल्या बाईला असं वाटणं शोभत नाही म्हणतात. वाटत होतं खरं.

पण त्यांचं मन इथे रमेना. मॉलमधल्या काचेच्या भल्या मोठ्या टाकीपुढे त्यांना उभं केलं, तर पाच मिनिटं पाहून म्हणाले, "ह्यांना भूकच न्हाई. मासा असा नसतो." मिलिंदने सुचवलं की त्यांना गळ आणून दे, जीव रमेल. माझ्या ऑफिसात एक इंग्रज आहे, डेव्हिड. त्याच्या गावाला नदी आहे आणि त्या नदीत तो लहानपणापासून पाइक नावाचा मासा पकडतो. त्याने फोनवर फोटो दाखवला. लांबट तोंड, खालचा जबडा पुढे आलेला, दातांची ओळ. पाणवेलींच्या आडोशाला दबा धरून बसायची सवय, तो म्हणाला. मी तो फोटो घरी आणला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि म्हणाले, "ही तर आपल्या मरळीची गोरी बहीण." मरळ ही त्यांची लाडकी. आमच्या नदीच्या डोहात ती अशीच गवतात निपचित पडून राहते आणि बेडूक जवळून गेला की झडप घालते.

पाइक इथे मिळत नाही, डेव्हिड म्हणाला, पण समुद्रात बराकुडा मिळेल, स्वभाव तोच. त्याने आपला रॉड आणि रीळ उसनं दिलं. अण्णांनी आयुष्यभर बांबूची काठी आणि हाताने गुंडाळलेली दोरी वापरलेली. रीळ हे प्रकरण त्यांना पटेना. मग आठवडाभर संध्याकाळी इमारतीमागच्या पार्किंगमध्ये आमची शाळा भरली. दोरीच्या टोकाला अण्णांनी एक लोखंडी नट बांधला आणि आम्ही दोघं तो पाळीपाळीने फेकू लागलो. माझा नट एकदा कडुनिंबाच्या फांदीत अडकला आणि एकदा वॉचमनच्या खुर्चीखाली गेला. तो केरळचा वॉचमन आम्हाला पाहून रोज हसायचा. "मॅडम, इधर मछली नहीं है," तो म्हणायचा. अण्णा त्याला मराठीतच सांगायचे, "हाय की, तूच एक मोठा हायस."

आता जायचं कुठे, हा प्रश्न होता. अण्णांना समुद्र नको होता. त्यांना नदी हवी होती. मी नकाशा उघडला आणि रास अल खैमाच्या डोंगरांत मला एक लांब निळी रेघ दिसली. तिला नाव होतं, वळणं होती, दोन ठिकाणी फाटे होते. वादी (डोंगरातून येणारा, पावसात वाहणारा ओढा) म्हणजे काय हे मला सोळा वर्षांत कळलेलं नव्हतं असं नाही. पण मागच्या महिन्यात पाऊस झाला होता, ऑफिसातल्या कुणीतरी तिथल्या पाण्याचे फोटो टाकले होते, आणि निळी रेघ म्हणजे पाणी हे नदीकाठी वाढलेल्या माणसाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मी पुढे काही विचारलंच नाही.

दुबई मागे पडली, शारजा मागे पडलं. शनिवारची पहाट असल्यामुळे रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना लालसर वाळू आणि त्यात मधूनच एकेक गाफ (इथलं वाळवंटात तगून राहणारं झाड). अण्णांनी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली. उतरून एका झाडापाशी गेले, पानं चुरगाळून पाहिली, काटे चाचपले आणि परत येऊन म्हणाले, "अगं, ही शमी हाय." मी फोनवर पाहिलं तर खरंच तेच झाड. सोळा वर्षं मी त्याच्या बाजूने ये-जा करत होते. अण्णांनी चार पानं शर्टाच्या खिशात टाकली आणि पुढचा रस्ताभर ते जरा खुशीत होते.

डोंगर आले तसे ते सरळ बसले. इथले डोंगर अगदी उघडे, गवताचं पातं नाही, विटकरी आणि करडे. डांबरी रस्ता संपला, कच्चा सुरू झाला आणि नकाशातल्या बाईने सांगितलं की आपण पोचलो आहोत. समोर गोट्यांचं एक रुंद पात्र होतं. पाण्याचा थेंब नाही.

मी गाडीतच बसून राहिले. लाजेने कान गरम झाले होते. अण्णा मात्र उतरले, पात्रात गेले आणि खाली वाकून एक गोटा हातात घेतला. "गोल हाय," ते म्हणाले. "पाणी वाहतं हितनं. बक्कळ वाहतं." मग ते पात्राच्या मधोमध उभे राहून वर पाहू लागले, मग खाली. कुठल्या बाजूने पाणी येत असेल, कुठे वळत असेल, डोह कुठे पडत असेल, हे सगळं ते हाताने दाखवत होते. एका मोठ्या दगडाच्या पोटात खळगा होता. "हितं बसली असती," ते म्हणाले. मरळीबद्दल बोलत होते.

शेळ्या घेऊन एक पठाण तिथून चालला होता. मी त्याला विचारलं, "भाईसाब, इधर पानी नहीं है?"

"पानी था. खलास," तो म्हणाला. "बारिश आएगा, तो नदी आएगा."

"कब आएगा?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि शेळ्यांमागे गेला.

अण्णा मला म्हणाले, "म्हंजे हितली नदी पाव्हण्यासारखी येती म्हण की." ते हसत होते, पण त्यांनी हातातला गोटा खाली टाकला नाही, वाकून जिथला होता तिथे ठेवला. मला एकदम रडू आलं. मी गाडीतलं पाणी काढण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर महामार्गाला लागण्याआधी एक छोटं कॅफेटेरिया लागलं. भूक सपाटून लागली होती. पराठ्यात गुंडाळलेलं अंडं आणि करक (वेलदोडा घालून खूप उकळलेला दुधाचा चहा). अण्णांना हा चहा मनापासून आवडतो. इथली ही एकच गोष्ट त्यांनी गावी न्यायला घेतली असती. गल्ल्यावरच्या माणसाने गाडीबाहेर डोकावणारी रॉडची पिशवी पाहून आमची चौकशी केली. मी वादीची गोष्ट सांगितली तसा तो इतका हसला की आतला स्वयंपाकी बाहेर आला. मग त्यानेच उम्म अल क्वेनच्या एका होडीवाल्याला फोन लावला. "अबू राशिद. गुड मॅन. हिंदी बोलता है," तो म्हणाला. "यल्ला, अभी जाओ. पानी चढ़ रहा है."

उम्म अल क्वेनला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. खोर म्हणजे जमिनीत घुसलेली समुद्राची खाडी. काठाने खारफुटीची दाट हिरवी झाडी, उथळ पाण्यात बगळे, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. डोंगरातल्या त्या करड्या पात्रानंतर इतकं हिरवं पाहून मला हायसं वाटलं. हेच ते, मनात म्हटलं. दर शनिवारी अण्णांना इथे आणायचं. ईराही येईल कधीतरी, मिलिंदही. गाडी लावेपर्यंत मी पुढच्या दहा वर्षांचे शनिवार ठरवून टाकले होते.

अबू राशिद अण्णांच्याच वयाचे निघाले. पांढरी दाढी, पायात प्लास्टिकच्या चपला. तरुणपणी वडिलांबरोबर गलबतावरून मुंबईला जायचे, तेव्हाची हिंदी त्यांनी जपून ठेवली होती. होडी सुरू करता करता त्यांनी अण्णांना विचारलं, "बाबा, आप का दरिया किधर है?"

"दरिया नहीं, नदी," अण्णा म्हणाले. "वारणा."

"ये नदी नहीं है. ये खोर. पानी सुबह अंदर आता, फिर बाहर जाता. फिर अंदर."

अण्णांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "ज्या पाण्याला वरलं अंग-खालचं अंग न्हाई, तिथं बसायचं कुठल्या बाजूला तोंड करून?" मी त्यांना म्हटलं, "अण्णा, होडी आहे. कुठेही तोंड करा." ते 'हं' म्हणाले.

खारफुटीच्या कडेला, जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं, तिथे अबू राशिदनी इंजिन बंद केलं. पहिल्यांदा मी गळ टाकला. गळ म्हणजे चमच्याच्या आकाराचा चकाकता पत्रा, तो ओढत आणला की पाण्यात लहान मासा पळतोय असं वाटतं. माझा पत्रा सरळ झाडीच्या मुळांत गेला आणि तिथेच राहिला. दुसरा अण्णांनी बांधला. अबू राशिद पुन्हा पुन्हा सांगत होते की आधी तारेचा तुकडा लावा, त्या माशाचे दात करवतीचे आहेत. अण्णांनी हात हलवला. गाठ कशी मारायची हे त्यांना कुणी शिकवायचं? दोनतीनदा फेकल्यावर दोरीला असा हिसका बसला की अण्णा बाकावरून उठलेच, आणि दुसऱ्या क्षणी दोरी हलकी होऊन वर आली. टोक सुरीने कापावं तसं साफ कापलेलं. अण्णा त्या टोकाकडे पाहत राहिले.

"तार लाव," ते मला म्हणाले.

मग आम्ही शिकलो. पत्रा टाकायचा, बुडू द्यायचा, ओढायचा, मध्येच थांबायचं. थांबलं की मासा मागून येतो. माझ्या गळाला एक हातभर मासा लागला आणि मी होडीत उभी राहून "अण्णा, अण्णा" करत राहिले. दोरी गुंडाळायची असते हे विसरूनच गेले. अण्णा जागचे हलले नाहीत, त्यांनी मदतीला हातही पुढे केला नाही. नुसते सांगत होते, "सावकाश. तो दमू दे. तू दमू नको." मासा होडीत आला तेव्हा मी किती हसले ते मला आता सांगता येणार नाही. आई गेल्यापासून मी तशी हसलेच नव्हते. अण्णा माझ्याकडे बघत होते, माशाकडे नाही. तो लहान होता म्हणून परत सोडून दिला.

ऊन कलायला लागल्यावर अण्णांच्या गळाला खरा बराकुडा लागला. त्याने दोरी खोल पाण्याकडे ओढून नेली, रीळ किरकिरू लागलं. अण्णांचे दंड थरथरत होते. अबू राशिदनी रॉड धरायला हात पुढे केला तसे अण्णा त्यांच्यावर डाफरले, मराठीत. दोन्ही म्हाताऱ्यांनी मग एकमेकांना आपापल्या भाषेत सूचना द्यायला सुरुवात केली, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. शेवटी तो पाण्यावर आला. चंदेरी, लांब, अंगावर काळपट पट्टे, आणि ते तोंड. अबू राशिदनी पकडीने गळ काढला. अण्णांनी माशाला हात लावून तो कपाळाला लावला.

"सबसे बड़ा?" अबू राशिदनी विचारलं.

"जिंदगीतला," अण्णा म्हणाले.

होडी धक्क्याला लागली. अण्णांनी सुरी मागून घेतली, मासा साफ केला आणि मधोमध कापून दोन भाग केले. अबू राशिदनी एक भाग घ्यावा म्हणून आम्ही आग्रह केला, पण त्यांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं, घरी मासा भरपूर आहे. मग अण्णांनी डोक्याकडचा भाग एका पिशवीत भरला, शेपटीकडचा दुसऱ्या. गावी अण्णा आणि नामदेवकाका गेली कितीतरी वर्षं जोडीने गळाला बसतात. मासा कुणालाही लागो, काठावरच त्याचे दोन वाटे होतात. ज्याला लागला त्याला डोकं, जोडीदाराला शेपटी. आज जोडीला मी होते. मला केवढा अभिमान वाटला. मी दुसऱ्या पिशवीला हात घातला आणि म्हटलं, "माझा वाटा मी तळणार हं, अण्णा. तुमच्याचं कालवण करू."

"तो नामाचा हाय," अण्णा म्हणाले.

ते सहज बोलून गेले. पिशवीची गाठ मारत होते, ती मारता मारता त्यांचे हात थांबले. "सवय," ते म्हणाले. "घे की तू. तुझाच." पण पिशवी त्यांनी हातातच धरली होती.

मग त्यांनी खिशातून फोन काढून नामदेवकाकांना लावला. मला वाटलं आता माशाचं वर्णन होणार. पलीकडून काकांचा मोठा आवाज ऐकू येत होता, ते नदीवरच होते. अण्णांनी माशाचा एक शब्द काढला नाही. "धरणातनं पाणी सोडलंय का? पायऱ्या किती दिसत्यात? चिंचेखालच्या डोहात कोण बसलंय आज?" असंच विचारत राहिले. धक्क्याच्या टोकाला उभे होते, पाठ आमच्याकडे, तोंड समुद्राकडे. अबू राशिद माझ्याशेजारी उभे राहून होडीचा दोर गुंडाळत होते.

परत येताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढच्या गाडीचे लाल दिवे आणि आमच्या पायांशी माशाच्या दोन पिशव्या. मग अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुनू, मला वाटायचं तुझं हितं चांगलं चाललंय."

"चाललंय की."

"होडीत हसलीस, तेव्हा कळलं. तू लई एकटी पडलीस गं." थोडं थांबून म्हणाले, "कर माझे कागद. राहतो मी."

दोन महिने मी ज्या शब्दासाठी झुरले, तो असा शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आला. मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. मला जोरात 'हो' म्हणायचं होतं. पण तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि मीही नुसतीच गाडी पुढे घेतली.

घरी आलो. अण्णा हातपाय धुऊन सोफ्यावर बसले. स्वयंपाकघरात जाऊन मी डोक्याचा वाटा कालवणासाठी धुवायला घेतला आणि दुसरी पिशवी फ्रीजरचं दार उघडून आत ठेवायला गेले. कुणाची म्हणून ठेवायची ते मला ठरवता येईना. माझी म्हणून तळली असती, तर अण्णांनी आवडीने खाल्ली असती, वर 'झकास झालंय' म्हणाले असते. असे ते इथे आणखी पुष्कळ वर्षं राहिले असते, माझ्यासाठी. रोज दार उघडून 'दमलीस का' विचारत. ते मला दिसलं आणि सहन झालं नाही.

मी हात पुसून बाहेर आले. "अण्णा," मी म्हटलं, "कागद नाही करत. तुम्ही गावी जा. मी मे महिन्यात येईन, ईराला घेऊन."

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. निदान एकदा तरी, रीत म्हणून. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. अण्णा सोफ्यावर ताठ बसले आणि त्यांचा चेहरा दिवसभरात कुठे नव्हता इतका उजळला.

"मग बुधवारचं मिळंल का गं?" ते म्हणाले.

मी 'बघते' म्हणाले. फोन शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसले. बाहेर अण्णा नामदेवकाकांना फोनवर मोठ्याने सांगत होते की येतोय, बुधवारी येतोय. मला इतकं वाईट वाटलं की दोन मिनिटं तिकिटाचं पान उघडता आलं नाही. मग उघडलं आणि बुधवारचं काढलं.